रात्री ४०० केव्हीचा बस ४२५ वर गेला तर आधी काय बघायचं? ग्रिडचं व्होल्टेज आणि पॉवर फ्लो हाताळायची पद्धत

पावसाळ्यातली रात्र, अडीच वाजलेत, दिवसभर पाऊस पडल्यामुळे शेतीपंप बंद, एसी बंद, आणि ४०० केव्ही सबस्टेशनच्या स्क्रीनवर बसचं (सगळ्या लाईन जिथे येऊन जोडल्या जातात त्या जाड कंडक्टरचं) व्होल्टेज ४२१, ४२३, ४२५ असं चढत चाललंय. नवीन जॉइन झालेला पोरगा अशा वेळी सगळ्यात आधी टॅपकडे (ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज कमी-जास्त करायच्या पायऱ्या) हात नेतो. मीही नेला होता. सिनियरनी तिथेच थांबवून विचारलं, "लाईन हलकी आहे का जड, ते सांग आधी." मला सांगता आलं नाही. हा लेख त्या एका प्रश्नाभोवतीच आहे. डिप्लोमा-डिग्रीला सूत्रं सगळी शिकवतात पण शिफ्टमध्ये कुठलं सूत्र कधी काढायचं हे कोणी सांगत नाही, म्हणून लिहितोय. आणि आधीच सांगतो, खालचं एकही ऑपरेशन लोड डिस्पॅचच्या (ग्रिड चालवणारं नियंत्रण केंद्र) कोडशिवाय, म्हणजे त्यांच्या परवानगीच्या नंबरशिवाय, करायचं नाही, कितीही खात्री असली तरी.

सुरुवातीला दोन गोष्टी डोक्यात पक्क्या करा

पहिली, मेगावॅट अँगलने वाहतात. लाईनच्या दोन टोकांच्या व्होल्टेजमध्ये जो अँगलचा फरक असतो तो जितका जास्त तितके मेगावॅट जास्त, आणि लाईनचा रिअॅक्टन्स (एसी करंटला होणारा लाईनचा अडथळा) जितका जास्त तितके कमी. सूत्र बोलीत सांगायचं तर दोन्ही टोकांच्या व्होल्टेजचा गुणाकार, गुणिले अँगलची साइन, भागिले रिअॅक्टन्स.

दुसरी, मेगावार (रिअॅक्टिव्ह पॉवर) व्होल्टेजच्या फरकाने वाहतात, जास्त व्होल्टेजकडून कमीकडे. मेगावार म्हणजे काय हे मला कॉलेजात कधीच नीट कळलं नव्हतं, शेतात कळलं. पाटाला पाणी सोडलं की आधी पाट भरावा लागतो, ते पाटातलं पाणी पिकाला मिळत नाही पण तो भरल्याशिवाय शेवटच्या वाफ्यापर्यंत थेंब पोचत नाही. मेगावारचं तसंच आहे, आणि अडचण अशी की ते लांब पाठवता येत नाहीत, वाटेतच लाईन खाऊन टाकते. म्हणून व्होल्टेजचा इलाज जिथल्या तिथे करावा लागतो. फ्रिक्वेन्सी सगळ्या देशाची एक, कोयनेत संच चालू केला तर त्याचा उपयोग आसामलाही होतो, पण सोलापूरचं व्होल्टेज कोयनेतून फारसं हलत नाही.

आता तो प्रश्न: हलकी का जड

उदाहरण घेऊ. ४०० केव्हीची २०० किमी लांब लाईन, ट्विन मूस कंडक्टर (प्रत्येक फेजला मूस नावाच्या दोन तारा), म्हणजे आपल्याकडे सर्रास दिसते ती. रिअॅक्टन्स साधारण ०.३३२ ओहम प्रति किमी, म्हणजे एकूण सुमारे ६६ ओहम. आणि तीच लाईन कॅपॅसिटर पण असते, किलोमीटरला साधारण ०.५५ मेगावार तयार करते, म्हणजे २०० किमीला जवळपास १११ मेगावार, लोड असो नसो.

५०० मेगावॅट वाहत असतील तर करंट साधारण ७२० अँपियर आणि लाईन स्वतः १०४ मेगावारच्या आसपास खाते. तयार करते १११, खाते १०४, हिशोब जवळजवळ मिटला. याच लोडला सर्ज इम्पिडन्स लोडिंग म्हणतात, ट्विन मूससाठी ते ५१५ मेगावॅटच्या आसपास येतं. लोड याच्या खाली असेल तर लाईन हलकी, वर असेल तर जड.

आता त्याच लाईनवर रात्री फक्त १५० मेगावॅट आहेत. खाते जेमतेम ९, तयार करते १११. शंभरएक मेगावार उरले, ते जाणार कुठे, दोन्ही टोकांचं व्होल्टेज चढवणार. आणि व्होल्टेज ४२५ झालं की तीच लाईन १११ ऐवजी १२५ मेगावार तयार करते कारण हिशोब व्होल्टेजच्या वर्गात (स्क्वेअरमध्ये) चालतो, म्हणजे आजार स्वतःच स्वतःला वाढवतो.

उलट १,००० मेगावॅट टाकले तर खाते ४१५, तयार १११ च, म्हणजे तीनशेवर मेगावारचा खड्डा. करंट दुप्पट झाला की खाणं चौपट होतं. म्हणून दुपारी ठीक दिसणारं व्होल्टेज एक लाईन ट्रिप झाल्यावर एकदम धाडकन खाली येतं.

आपल्या सबस्टेशनच्या प्रत्येक लाईनचं हे गणित एकदा कागदावर करून टेबलाच्या काचेखाली ठेवा. १५ मिनिटांचं काम आहे. २२० केव्हीच्या सिंगल झेब्रा (प्रत्येक फेजला एकच तार) लाईनला सर्ज इम्पिडन्स लोडिंगचा आकडा १३० मेगावॅटच्या आसपास येतो, ७६५ केव्हीला २,२०० च्या पुढे. यावरून एक गोष्ट लगेच कळेल, की ७६५ ची नवी लाईन आली आणि तिच्यावर लोड ४०० मेगावॅट असेल तर ती रात्री मेगावारचा कारखानाच असते.

शिफ्ट घेताना काय बघायचं

मर्यादा पाठ हव्यात: ४०० ला ३८० ते ४२०, ७६५ ला ७२८ ते ८००, २२० ला १९८ ते २४५. मग फक्त स्वतःचा बस न बघता शेजारच्या दोन-तीन सबस्टेशनचे बस बघा. सगळेच वर असतील तर प्रश्न पट्ट्याचा आहे, आपला एकटाच वर असेल तर आधी मीटरवर संशय घ्या. आमच्याकडे एकदा एका बसच्या एका फेजचा सीव्हीटी (व्होल्टेज मोजणारं उपकरण) हळूहळू बिघडत होता, स्क्रीनवर ४२८ दिसायचं, आम्ही लाईन उघडायची तयारी सुरू केली होती आणि एका हेल्परने सहज म्हटलं की साहेब दुसऱ्या बसवर तर ४१६ आहे. तेव्हापासून दोन्ही बस, तिन्ही फेज आणि लाईनच्या पलीकडच्या टोकाचं वाचन, हे तिन्ही बघितल्याशिवाय मी हालचाल करत नाही.

मेगावारचं चिन्ह बघा. बाण बाहेर आहे का आत, आणि तुमच्या पॅनेलवर अधिक म्हणजे काय धरलंय हे विचारून घ्या, दोन सबस्टेशनमध्ये उलट असू शकतं. कुठले रिअॅक्टर (मेगावार खाणारी कॉइल) आत आहेत, कुठला कॅपॅसिटर (मेगावार देणारी बँक) बाहेर, आयसीटीचा (४०० आणि २२० जोडणारा ट्रान्सफॉर्मर) टॅप कितीवर, हे लॉगमधून नाही, प्रत्यक्ष बघून.

व्होल्टेज चढलं तर, या क्रमाने

क्रम महत्त्वाचा आहे. जे परत फिरवायला सोपं ते आधी, जे ग्रिड कमजोर करतं ते शेवटी.

आधी खालच्या बाजूचे कॅपॅसिटर काढा. २२०, १३२, ३३ केव्हीवर कुठेतरी संध्याकाळी लावलेली बँक तशीच राहिलेली असते, दर पावसाळ्यात हे सापडतं. ऐकायला बावळटपणा वाटतो, पण एका हाताने कॅपॅसिटर चालू आणि दुसऱ्या हाताने रिअॅक्टर चालू असं मी स्वतः पाहिलंय.

मग बस रिअॅक्टर आत घ्या. किती फरक पडेल हे आधीच काढता येतं: रिअॅक्टरचे मेगावार भागिले बसची फॉल्ट एमव्हीए (शॉर्ट सर्किट झालं तर बस किती देईल, म्हणजे बस किती मजबूत आहे, त्याचं माप). फॉल्ट लेव्हल १० केए (किलोअँपियर) असेल तर ४०० केव्हीला ती सुमारे ७,००० एमव्हीए होते, ८० चा रिअॅक्टर घेतला तर साधारण १.१ टक्के, म्हणजे साडेचार केव्ही. तोच रिअॅक्टर ३० केए च्या दणकट बसवर जेमतेम दीड केव्ही हलवतो. म्हणून "रिअॅक्टर घेतला पण काही झालंच नाही" म्हणून घाबरायचं नाही, तुमचा बस मजबूत आहे इतकाच त्याचा अर्थ. एक बारीक गोष्ट, आपल्याकडे रिअॅक्टरचं रेटिंग सहसा ४२० केव्हीला दिलेलं असतं, ४०० ला ८० चा रिअॅक्टर ७२-७३ च घेतो.

त्यानंतर जनरेटर. वीजकेंद्राला एक्सायटेशन (जनरेटरच्या चुंबकाला दिलेला करंट) कमी करून मेगावार ओढून घ्यायला सांगायचं. यात केंद्रवाले कुरकुर करतात आणि त्यांची कुरकुर अगदीच खोटी नसते, कारण जास्त अंडर-एक्साइट केलं की स्टेटरच्या टोकाचं लोखंड तापतं आणि मशीनची स्थिरता कमी होते. पण कॅपॅबिलिटी कर्व्हच्या आत जे शक्य आहे ते मागायचा लोड डिस्पॅचला हक्क आहे. जिथे स्टॅटकॉम (गरजेप्रमाणे मेगावार देणारं किंवा घेणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) आहे, जसं आपल्याकडे सोलापूर, छत्रपती संभाजीनगरला (आधीचं औरंगाबाद), तिथे ते आपोआप काम करतात, पण ते पूर्ण ओढत बसलेत का हे बघा. स्टॅटकॉम ही राखीव फौज आहे, ती रोजच्या कामाला जुंपली तर अचानक लाईन ट्रिप झाल्यावर हातात काही राहत नाही. रिअॅक्टर घेऊन स्टॅटकॉमला मोकळं करायचं असतं.

एचव्हीडीसीच्या (उच्च दाबाची डीसी लाईन) टोकाला वेगळीच गंमत. चंद्रपूर-पडघे सारख्या जुन्या थायरिस्टर पद्धतीच्या कन्व्हर्टरला चालताना भरपूर मेगावार लागतात, ते देण्यासाठी मोठे फिल्टर बसवलेले असतात, आणि रात्री डीसीवरची पॉवर कमी केली तरी हार्मोनिकसाठी काही फिल्टर ठेवावेच लागतात. मग ते फिल्टर बसलाच मेगावार देत बसतात. त्यामुळे रात्री डीसीची पॉवर कमी करायचा विचार असेल तर एसी बसचं व्होल्टेज बघून करा.

आता टॅप. आयसीटीचा टॅप मेगावार तयारही करत नाही आणि संपवतही नाही, फक्त इकडचे तिकडे ढकलतो. २२० ला जागा असेल, तिथे २२५ असेल आणि ४०० ला ४२३, तर टॅपने थोडे मेगावार खाली उतरवता येतात. पण दोन्हीकडे जास्त असेल तर टॅप म्हणजे घरातला कचरा शेजाऱ्याच्या दारात. समांतर आयसीटी असतील तर सगळे एकाच टॅपवर ठेवा, नाहीतर आपापसातच मेगावार फिरत राहतात आणि मशीन गरम.

सगळं करून झालं तरच लाईन उघडायची. कुठली? लांब, हलकी, आणि जिला समांतर दुसरी आहे ती. वरच्या उदाहरणातली लाईन उघडली तर १११-१२५ मेगावार एका फटक्यात गेले, म्हणजे दीड रिअॅक्टर. पण तीन गोष्टी तपासा. एक, उरलेली लाईन ट्रिप झाली तर काय होईल. दोन, दोन्ही टोकं उघडायची, एक टोक चार्ज ठेवलं तर लाईन मेगावार देतच राहते आणि उघड्या टोकाचं व्होल्टेज आणखी चढतं: २०० किमीला साधारण अडीच टक्के, म्हणजे इकडे ४०० तर तिकडे ४०९, आणि ४०० किमीला रिअॅक्टर नसेल तर १० टक्के, थेट ४४०. तीन, जिच्यावर लाईन रिअॅक्टर आहे ती उघडली तर रिअॅक्टरही जातो, मग फायदा कितीसा उरला?

चढलेलं व्होल्टेज मात्र हलक्यात घ्यायचं नाही. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन-पोर्तुगालमध्ये दुपारी साडेबाराच्या सुमारास अख्खं ग्रिड बसलं ते व्होल्टेज चढल्यामुळे. व्होल्टेज वर गेल्यावर वीजकेंद्रं ट्रिप होऊ लागली, ती गेल्यावर व्होल्टेज आणखी वर, आणखी ट्रिप. आपल्याला वर्षानुवर्षं कमी व्होल्टेजची भीती शिकवली गेली, पण आता पाळी दुसऱ्या बाजूची आहे. राजस्थानच्या सोलर पट्ट्यात दिवसा लांब ७६५ च्या लाईन भरलेल्या आणि रात्री रिकाम्या, म्हणजे एकाच ठिकाणी दुपारी व्होल्टेज खाली आणि रात्री वर.

याउलट तयारी केली तर काय होतं तेही आपण पाहिलंय. ५ एप्रिल २०२० ला रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे बंद ठेवायचे ठरले, देशाची मागणी ३१,०८९ मेगावॅटने खाली आली, आणि ग्रिड उभं राहिलं. जलविद्युत संच झपाट्याने वरखाली करायची आणि व्होल्टेज सांभाळायची आखणी आधीच करून ठेवली होती म्हणून.

व्होल्टेज पडलं तर

क्रम उलटा, पण दोन सापळे आहेत. पहिला, कॅपॅसिटर व्होल्टेजच्या वर्गात काम करतो: व्होल्टेज ९० टक्के झालं की १०० मेगावारची बँक ८१ च देते. म्हणजे गरज असते तेव्हाच तो हात आखडता घेतो. म्हणून कॅपॅसिटर उतरणीला सुरुवात होताच लावायचा, ३८२ वर पोचल्यावर नाही. काढलेली बँक लगेच परत लावायची नाही, डिस्चार्ज व्हायला दहाएक मिनिटं द्यायची. आणि कॅपॅसिटरआधी आत असलेले रिअॅक्टर काढायचे हे सांगायलाच नको, तरी सांगतो.

दुसरा सापळा टॅपचा, आणि हा जास्त घातक. ४०० ला ३८५ आहे, २२० ला २०५, खालून फोन येतोय की व्होल्टेज द्या. टॅप चढवला की २२० सुधारतं, लोड परत पूर्ण ओढू लागतो, ४०० कडून आणखी मेगावार ओढले जातात, ४०० आणखी पडतं, मग परत टॅप. चार वेळा असं केलं की दोन्ही बाजू गेल्या. अशा वेळी टॅप गोठवा, जवळच्या केंद्रातून मेगावार मागा, आणि तरी उतरतच असेल तर लोड कमी करायला सांगा. लोड शेडिंग म्हटलं की सगळे नाक मुरडतात, पण कोलमडलेल्या बसवर १०० टक्के लोड जातोच.

पॉवर फ्लो: लाईनला हुकूम देता येत नाही

एसी ग्रिडमध्ये "हे ३०० मेगावॅट या लाईनने जाऊ देत" असं म्हणता येत नाही. समजा अ ते ब दोन रस्ते आहेत, एकाचा रिअॅक्टन्स ४० ओहम, दुसऱ्याचा ६०. १,००० मेगावॅट पाठवायचे तर ४० वाल्यावर ६०० आणि ६० वाल्यावर ४००, तुमची इच्छा काहीही असो. दुसरी लाईन नवी कोरी असली, रिकामी असली तरी पॉवर तिच्याकडे जात नाही.

आता हातात काय आहे? सगळ्यात पहिलं आणि रोजचं म्हणजे जनरेशनची अदलाबदल. भरलेल्या लाईनच्या पाठवणाऱ्या बाजूचा संच कमी, घेणाऱ्या बाजूचा वाढवा. आपल्याकडे हे ठरलेलंच दुखणं आहे, कोळशाची केंद्रं बरीचशी विदर्भात आणि लोड मुंबई-पुण्याकडे. १०० मेगावॅट हलवले तर त्या लाईनवर १०० कमी होत नाहीत, कुठे ३०, कुठे ६०, हे लोड फ्लो स्टडीतून काढून ठेवायचं.

दुसरं, रिअॅक्टन्स बदलणं. वरच्या ६० ओहमच्या लाईनमध्ये २० ओहमचा सिरीज कॅपॅसिटर घातला तर दोन्ही ४०-४० झाल्या, पॉवर ५००-५००. थायरिस्टरवाला असला, जसा रायपूर-राउरकेला लाईनवर आहे, तर तो चालता चालता बदलता येतो आणि पॉवरचे हेलकावेही दाबतो. फेज शिफ्टिंग ट्रान्सफॉर्मर अँगलच बदलतो, युरोपात सीमेवर बरेच आहेत, आपल्याकडे फार कमी.

तिसरं एचव्हीडीसी, जिथे खरोखर हुकूम चालतो. चंद्रपूर-पडघे ७५२ किमी, ५०० केव्ही प्लस-मायनस, १,५०० मेगावॅट. समांतर ४०० केव्ही लाईन भरल्या की डीसीवरचा आकडा वाढवायचा, एसी आपोआप हलकी होते. एसी हलकी झाली की तिथलं व्होल्टेज वर जाणार, हे मात्र वर शिकलोच.

चौथं, लाईन उघडणं किंवा बस तोडून वेगळा करणं. कधीकधी चालतं, पण पॉवर नाहीशी होत नाही, दुसऱ्या वाटेने जाते. ४० ची लाईन ट्रिप झाली तर पूर्ण १,००० दुसरीवर. ती ८०० च पेलू शकत असेल तर आधीपासूनच दोन्ही मिळून ८०० वर थांबायला हवं होतं, एक गेली तरी बाकीच्यांनी निभावलं पाहिजे हा नियम तो हाच.

व्होल्टेज आणि फ्लो वेगळे विषय समजू नका, याला ३० जुलै २०१२ इतकं चांगलं उदाहरण नाही. बीना-ग्वाल्हेर ४०० केव्हीची एकच सर्किट चालू होती, दुसरी ७६५ ला अपग्रेड करण्यासाठी बंद. लोड प्रचंड, त्यामुळे व्होल्टेज खाली. डिस्टन्स रिले व्होल्टेज भागिले करंट मोजतो, त्याला तो आकडा इतका लहान दिसला की लांबचा फॉल्ट वाटला, झोन तीनमध्ये (रिलेचा सगळ्यात लांबचा टप्पा) ट्रिप दिली. लाईनवर फॉल्ट नव्हताच. रात्री अडीचला उत्तर भारत अंधारात, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत, तेव्हा पूर्व आणि ईशान्यही सोबत गेले. मुंबईची १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ पण त्याच जातीची, कळवा-पडघे पट्ट्यातल्या ४०० केव्ही लाईन हातात नव्हत्या, उरलेल्यांवर भार गेला, आणि शेवटी शहराचं आयलंडिंगही (शहराला ग्रिडपासून तोडून स्वतःच्या वीजकेंद्रांवर चालवायची व्यवस्था) टिकलं नाही. म्हणून जड लाईन दिसली की मेगावॅट बघा, दोन्ही टोकांचं व्होल्टेज बघा, आणि रिलेची सेटिंग किती लोडला फसेल ते प्रोटेक्शनवाल्यांकडून विचारून घ्या.

उघडलेली लाईन परत घेताना

पहाटे पाचला लोड चढायला लागतो. रात्री उघडलेली लाईन तेव्हा परत घ्यायची, उशीर केला तर अँगल वाढलेला असतो आणि सिंक चेक रिले (दोन्ही बाजूंचं व्होल्टेज आणि अँगल जुळतात का बघणारा) ब्रेकर लागू देत नाही. २०० किमीच्या लाईनवर ५०० मेगावॅट म्हणजे १२ अंश, ३० अंश म्हणजे १,२०० मेगावॅट. म्हणजे उघड्या ब्रेकरवर ३० दिसत असतील तर लावल्याक्षणी किती झटका बसेल याचा अंदाज करा (तितका पूर्ण बसत नाही, मागचं ग्रिड पण वाकतं, तरी मशीनच्या शाफ्टला जाणवतो). आधी अँगल जनरेशन हलवून कमी करायचा.

चार्ज नेहमी मजबूत बसकडून करा, आणि त्याआधी तो बस ४१० च्या खाली आणून ठेवा म्हणजे पलीकडचं टोक ४२० ओलांडणार नाही. लाईन लागली, लोड आला, मग पाच-दहा मिनिटं थांबून बस रिअॅक्टर एकेक करून काढायचे, सगळे एकदम नाही. कॅपॅसिटर सगळ्यात शेवटी लावायचे. लॉगमध्ये वेळ, कोड नंबर, आधीचं आणि नंतरचं व्होल्टेज लिहा, नुसतं "रिअॅक्टर १ आऊट" लिहू नका, कारण त्या आधी-नंतरच्या आकड्यांवरूनच तुमच्या बसवर एक रिअॅक्टर किती केव्ही हलवतो ते महिनाभरात कळतं, आणि मग पुढच्या पावसाळ्यात ४२१ दिसल्यावरच एक रिअॅक्टर पुरेल की दोन हे कागद न काढता सांगता येतं.